चार बोटं खाली

मालानं भरलेली बोट पुलाखालून विनासायास निघून जाते, आणि तीच बोट माल उतरवून परत फिरली की त्याच पुलाशी अडते. युरोपातल्या कालव्यांवर मालवाहतूक करणाऱ्यांच्या रोजच्या अनुभवातला हा प्रकार आहे. रस्त्यावरच्या वाहतुकीत असं काही घडत नाही. रिकामा ट्रक भरलेल्या ट्रकपेक्षा उंच होतो, पण तो स्प्रिंगा सैल झाल्यामुळे, फार तर काही सेंटीमीटरनं. बोट मात्र रिकामी झाली की मीटर-दीड मीटर वर येऊ शकते. पूल तोच, बोट तीच. बदललेलं असतं ते एकच, बोट पाण्यात किती रुतून बसली आहे ते.

पुलाखाली अडकलेल्या ट्रकच्या चाकांतली हवा सोडायला सांगणाऱ्या मुलाची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. बोटीच्या बाबतीत ही गोष्ट उलटी करून सांगावी लागते. तिला खाली आणायचं तर तिच्यातून काही काढायचं नसतं, तिच्यात भर घालायची असते. माणसं चढवा, विटा ठेवा, टाक्यांत पाणी भरा, बोट खाली बसेल. आणि किती खाली बसेल याचं गणित इतकं सरळ आहे की ते कागदाच्या तुकड्यावर करता येतं.

शाळेत आर्किमिडीजचं तत्त्व पाठ करताना आपण वाचलेलं असतं की तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. त्या वाक्याचा इथे रोकडा उपयोग आहे. एक घनमीटर गोडं पाणी म्हणजे एक टन. बोटीवर एक टन वजन वाढवलं तर तिला आणखी एक घनमीटर पाणी सारावं लागतं आणि त्यासाठी ती तेवढी खाली जाते. किती खाली, हे ठरतं पाण्याच्या पातळीला बोटीचा जो आडवा छेद असतो त्याच्या क्षेत्रफळावर. छेद लहान असेल तर बोट थोड्या वजनानंही चटकन बसते. छेद मोठा असेल तर कितीही भरलं तरी ती जेमतेम हलते.

इंग्लंडमधल्या कालव्यांवर ज्या लांबोड्या, चिंचोळ्या बोटी चालतात त्यांना नॅरोबोट म्हणतात. तिथल्या जुन्या कालव्यांची लॉकं, म्हणजे बोटीला एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारी दोन दारांची कुंडं, जेमतेम सात फूट रुंद आहेत, म्हणून बोटही तेवढीच, सुमारे 2.08 मीटर रुंद. लांबी 18 मीटर धरू. म्हणजे पाण्याच्या पातळीवरचं क्षेत्रफळ साधारण 37 चौरस मीटर. आता ही बोट एक सेंटीमीटर खाली घालवायची तर 0.37 घनमीटर पाणी सारलं गेलं पाहिजे, म्हणजे पावणेचारशे किलो वजन वाढवलं पाहिजे. चांगल्या अंगापिंडाची पाच माणसं चढली की एक सेंटीमीटर. पुलाच्या कमानीत तीन सेंटीमीटर कमी पडत असतील तर पंधरा माणसं हवीत. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या सगळ्यांना बोटीत बोलावणं हा कालव्यांवरचा अगदी जुना उपाय आहे, आणि तो का चालतो हे या आकड्यांवरून कळतं. तो किती थोडा चालतो, हेही.

पण इथे एक बारकावा आहे, आणि कालव्यावरचे अनुभवी लोक खरा फायदा त्यातूनच काढतात. सगळी बोट खाली नेण्याची गरज क्वचितच असते. बहुतेक वेळा बोटीचा एखादा कोपराच तेवढा उंच असतो. केबिनच्या छताची पुढची कड, नाळेवरचा (म्हणजे पुढच्या टोकावरचा) दिवा, छतावरचं काही. तेवढाच भाग दाबायचा असेल तर वजन मधोमध ठेवून उपयोग नाही, ते टोकाला न्यावं लागतं. आयताकार बोटीच्या अगदी टोकाला वजन ठेवलं तर ते टोक, सगळी बोट सरासरी जितकी बसते त्याच्या चौपट खाली जातं आणि समोरचं टोक दुप्पट वर उचललं जातं. बऱ्याच नॅरोबोटींची पिण्याच्या पाण्याची टाकी नाळेतच असते. त्यात पाचशे लिटर पाणी मावत असेल तर टाकी रिकामी असताना आणि भरलेली असताना पुढच्या टोकाच्या उंचीत चार-पाच सेंटीमीटरांचा फरक पडतो. म्हणून सखल पुलाकडे निघालेला शहाणा बोटवाला आदल्या नळावर थांबून टाकी काठोकाठ भरून घेतो. तेवढं पाणी पुरलं नाही तर कोळशाची पोती, गॅसची नळकांडी, पाहुणे, सगळं पुढे. अशा बोटींच्या फरशीखाली बांधणीच्या वेळीच विटा किंवा फरसबंदीच्या लाद्या रचलेल्या असतात. बोट सरळ आणि पुरेशी खोल बसावी म्हणून घातलेलं ते कायमचं वजन, बॅलास्ट. काहीजण त्यातल्या लाद्या इकडून तिकडे हलवून बोटीचा तोल हवा तसा बसवून घेतात.

या सगळ्या खटाटोपाची कसोटी पाहायची तर स्टॅफर्डशरमधल्या कॉल्डन कालव्याच्या टोकाला जावं लागेल. तिथला फ्रॉगहॉलचा बोगदा फक्त 69 मीटर लांब आहे, पण त्याचं छत पाण्यापासून इतकं जवळ आहे की आजच्या बहुसंख्य बोटी त्यातून जातच नाहीत. बोगद्याच्या बऱ्याच अलीकडे बोटीचं माप घेणारी चौकट बसवली आहे. तिला बोट घासली तर पुढे जाण्यात अर्थ नाही हे तिथेच समजतं. ज्यांना जायचंच असतं ते छतावरची सायकल, कुंड्या, धुराडं सगळं उतरवतात, टाकी भरतात, वजन हलवतात. केबिनच्या वरच्या कडा आतल्या बाजूला किती कललेल्या आहेत यावरही बरंच अवलंबून असतं, कारण कमान मधोमध उंच आणि कडांना खाली उतरलेली. बोट मध्यरेषेवरून वीतभर जरी सरकली तरी एका बाजूची कड विटांना लागते.

याच कालव्यांवर बोट किती बसली आहे यावरून पैसे मोजले जात. कालवा कंपनीला मालाच्या टनांवर जकात घ्यायची असे, आणि कोळशानं भरलेली बोट काट्यावर कशी चढवणार? म्हणून प्रत्येक नवी बोट मापाच्या गोदीत नेऊन तिच्यात ठरावीक वजनं टाकत जात आणि दर टनामागे तिची कड पाण्यापासून किती वर राहते हे लिहून ठेवत. ते तक्ते नाक्यानाक्यावर पोचवले जात. मग नाक्यावरचा कारकून बोटीच्या चारही अंगांना मापाची काठी लावी, सरासरी काढी, तक्त्यात बघे आणि जकात सांगे. बोट एका बाजूला कलवून त्याला फसवता येऊ नये म्हणून चार ठिकाणची मापं.

मराठी वाचकाला ही रीत ओळखीची वाटेल. भीमा आणि इंद्रायणीच्या संगमावर नांगरगाव इथे आदिलशाही सरदार मुरार जगदेव यांना हत्तीची तुला करायची होती आणि तेवढा तराजू मिळेना, तेव्हा शहाजीराजांनी हत्तीला नावेत चढवून पाण्याची रेघ आखायला सांगितली, मग हत्ती उतरवून त्या रेघेपर्यंत दगड भरले आणि दगड तोलले, अशी परंपरेनं चालत आलेली हकिकत आहे. त्या गावाला पुढे तुळापूर म्हणू लागले. संगमावरची ती रेघ आणि इंग्लिश कारकुनाची काठी एकाच नियमावर चालतात. पुलाखालून जाणारा बोटवाला तोच नियम उलट्या बाजूनं वापरतो: रेघ कुठे हवी ते त्याला ठाऊक असतं, दगड किती घालायचे ते तो काढतो.

पूल इतके सखल बांधलेच का, हा प्रश्न इथे पडायला हवा. उत्तर बहुतेक ठिकाणी पैशाचं आहे. अमेरिकेतला ईरी कालवा 1825 मध्ये पुरा झाला तेव्हा तो 584 किलोमीटर लांब होता आणि वाटेत असंख्य शेतांचे त्यानं दोन तुकडे केले होते. शेतकऱ्याला आपल्याच रानात पलीकडे जाता यावं म्हणून पूल बांधून देणं भाग होतं. पूल जितका उंच तितका दोन्हीकडचा चढ लांब, भराव मोठा, खर्च जास्त. म्हणून शेकडो पूल शक्य तितके बुटके ठेवले गेले. प्रवासी बोटींच्या छतावर बसलेल्या लोकांना दर थोड्या वेळानं आडवं व्हावं लागे. पूल आल्याची आरोळी त्या कालव्याची ओळखच बनली आणि पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यावर गाणंही झालं. त्या वेळच्या बोटींना डोलकाठी नव्हती, त्या काठावरून चालणारी खेचरं ओढत. म्हणजे पूल बुटका ठेवणाऱ्यांचं फारसं चुकलं नव्हतं. चूक पुढच्यांच्या पदरात पडते. बोट तीस-चाळीस वर्षांत मोडीत निघते आणि नवी वेगळ्या मापाची येते. पूल शंभर-दोनशे वर्षं जागचा हलत नाही.

पूर्व इंग्लंडमध्ये नॉरफोकच्या पाणथळ प्रदेशात पॉटर हायम नावाचं गाव आहे. तिथे थर्न नदीवरचा दगडी पूल मध्ययुगातला. मधल्या कमानीखाली जेमतेम दोन मीटर जागा, तीही पाणी उतरलेलं असेल तेव्हा. भाड्यानं घेतलेली सहलीची बोट या पुलाखालून स्वतः न्यायला परवानगी नाही. स्थानिक पायलट बोटीचा ताबा घेतो. तो आधी पाण्यातल्या पट्टीवरून त्या घटकेला किती उंची उपलब्ध आहे ते वाचतो. बोटीची काच आडवी पाडतो, छत उघडून खाली घेतो, सगळ्यांना आत बसवतो, कुणाचं डोकं किंवा कोपर बाहेर नाही ना ते पाहतो, आणि मग बरोबर मध्यावर बोट धरून एका दमात पार करतो. गेल्या काही दशकांत तिथली पाण्याची पातळी वाढल्यामुळे पूर्वी ज्या बोटी बहुतेक दिवशी जाऊ शकत त्या आता मोजक्याच दिवशी जातात. पूल खचलेला नाही, कुणी त्याला हात लावलेला नाही, तरी तो बुटका झाला आहे. याच भागातल्या जुन्या शिडाच्या मालवाहू बोटींना, ज्यांना तिथे व्हेरी म्हणत, डोलकाठीच्या बुंध्याशी शिशाचं जड वजन लावलेलं असे. त्यामुळे ती भली थोरली काठी एखाददुसरा माणूस पुलाच्या तोंडाशी आडवी पाडी आणि पलीकडे गेल्याबरोबर उभी करी. बोट मधे थांबतही नसे.

आता मोठ्या बोटींकडे वळू, कारण पैशाचा मोठा खेळ तिथे आहे. ऱ्हाईन नदी आणि तिला जोडलेल्या कालव्यांवर 110 मीटर लांब आणि 11.4 मीटर रुंद अशा बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटी, सर्रास चालतात. अशा बार्जला एक सेंटीमीटर खाली घालवायला सुमारे बारा टन लागतात. वीस सेंटीमीटरांना जवळजवळ अडीचशे टन. इथे माणसं चढवून काय होणार? म्हणून या बार्जच्या दुहेरी तळात आणि बाजूंच्या भिंतींत टाक्या असतात. पुलाआधी पंपानं नदीचंच पाणी त्यांत घ्यायचं, पूल पार झाला की परत नदीत सोडायचं. फुकटचं वजन, हवं तेव्हा घेण्याजोगं आणि टाकण्याजोगं. सुकाणूची खोलीही या बोटींवर हायड्रॉलिक दांड्यांवर बसवलेली असते; ती खाली घेतली की बोटीचा सर्वांत उंच भाग म्हणजे कंटेनरचा वरचा थर.

कंटेनरनं हा प्रश्न नव्यानं उभा केला. साधा कंटेनर 2.59 मीटर उंच, उंच जातीचा 2.9 मीटर. चार थर रचले तर साध्यांचे होतात 10.36 मीटर आणि उंचांचे 11.6 मीटर. म्हणजे कागदावर दोन्ही वेळा चारच थर, पण उंचीत सव्वा मीटरचा फरक. सर्वांत खालचा थर बोटीच्या पोटात, बराचसा पाण्याच्या पातळीखाली असतो, म्हणून चार थरांना पुलाखाली 9.1 मीटर जागा पुरेशी धरली जाते. पण हे कंटेनर भरलेले असतील तर. बंदराकडे परत निघालेले रिकामे कंटेनर जागा तेवढीच व्यापतात आणि वजन मात्र जवळजवळ काही देत नाहीत. वीस फुटी रिकामा कंटेनर सव्वादोन टनांच्या आसपास. भरलेला त्याच्या दहापट असू शकतो. रिकाम्यांची रास घेऊन निघालेली बार्ज वर उठते, आणि ज्या पुलाखालून ती कालच चार थर घेऊन आली तिथून आज तीनच थर नेता येतात. चौथ्या थराचं भाडं बुडू द्यायचं नसेल तर टाक्या भरायच्या, म्हणजे पाणी वाहून नेण्यासाठी जादा डिझेल जाळायचं. कप्तान हा हिशेब दर फेरीला करतो.

नदीची पातळीही त्याच्या हातात नाही. पाणी चढलं की पूल बुटके होतात. पाणी उतरलं की पुलाखाली भरपूर जागा होते, पण तेव्हा तळ वर येतो आणि बोटीला खाली बसवण्याची सोय राहत नाही. 2018 आणि 2022 च्या उन्हाळ्यांत ऱ्हाईनचं पाणी इतकं ओसरलं की बार्जना क्षमतेच्या काही अंशच माल घेऊन जावं लागलं. बोट खाली घालवण्याचा उपाय तळाशी असलेल्या पाण्यातूनच उसना घेतलेला असतो. छतावर दहा सेंटीमीटर मिळवायचे तर बुडाखाली दहा सेंटीमीटर द्यावे लागतात, आणि उथळ कालव्यात ते नसतातच.

बॅलास्टचा धोका मात्र बोटीच्या पोटात असतो, आणि त्याबद्दल सविस्तर सांगायला हवं. टाकी पूर्ण भरलेली असेल तर आतलं पाणी हलत नाही. ते बोटीच्या लाकडा-लोखंडासारखंच वागतं. टाकी अर्धी असेल तर बोट जरा कलली की पाणी त्याच बाजूला धावतं, वजन तिकडे जातं, बोट आणखी कलते, पाणी आणखी धावतं. सरळ होऊ पाहणाऱ्या बोटीची ताकद हे मोकळं पाणी खाऊन टाकतं. म्हणून मोठ्या बोटींवर एक रुंद टाकी न ठेवता अनेक अरुंद टाक्या करतात आणि त्या एक तर पूर्ण भरतात किंवा पूर्ण रिकाम्या ठेवतात. भरण्याच्या मधल्या वेळात विशेष सांभाळतात. छोट्या बोटवाल्यांनी हे वाचून पोटात बादल्यांनी पाणी ओतायला जाऊ नये, कारण उघड्या पोटातलं पाणी हे अर्ध्या टाकीहूनही वाईट. दुसरा धोका बाजूच्या भोकांचा. मोरीचा नळ, इंजिनाची हवा घेणारी जाळी, धुराचा नळ यांची तोंडं पाण्यापासून काही सेंटीमीटरच वर असतात. बोट दाबत नेली आणि त्यातलं एखादं तोंड पाण्याखाली गेलं की बोट पुलाखालून जाईल, पण वर येणार नाही. वजन चढवण्याआधी सर्वांत खालच्या भोकापर्यंतचं अंतर मोजायचं, हा नियम पाळलाच पाहिजे.

बोट खाली दाबता येत नसेल तर पाणीच खाली न्यायचं, हा विचार स्कॉटलंडमध्ये प्रत्यक्षात आला आणि मला तो या सगळ्या प्रकरणातला सर्वांत देखणा उपाय वाटतो. फोर्थ आणि क्लाईड कालवा 1790 मध्ये देशाच्या दोन किनाऱ्यांना जोडत पुरा झाला आणि 1963 मध्ये बंद करण्यात आला. बंद कालव्यावरून रस्ते नेताना उघडणारे पूल ठेवण्याची कुणाला गरज वाटली नाही. सपाट, सखल रस्ते टाकले गेले. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस कालवा पुन्हा सुरू करायचं ठरलं तेव्हा क्लाईडबँकजवळ डालम्यूर इथे डंबार्टन रोड आडवा आला. रस्ता वर्दळीचा, दोन्ही बाजूंना वस्ती. तो उचलायला जागा नाही आणि दर बोटीला वाहतूक थांबवणंही शक्य नाही.

तिथे 2001 मध्ये जे लॉक सुरू झालं त्याची दोन्ही दारं एकाच पातळीच्या पाण्यावर उघडतात. नेहमीच्या लॉकमध्ये बोट एका पातळीवर शिरते आणि दुसऱ्या पातळीवर बाहेर पडते. इथे पूल कुंडाच्या मधोमध आहे. बोट पुलाच्या अलीकडे कुंडात शिरते, दार बंद होतं, पाणी काढून घेतलं जातं, बोट पाण्याबरोबर खाली खाली जाते. पुरेशी खाली गेली की ती पुढे सरकते, डोक्यावरून मोटारी जात असताना पुलाखालून पलीकडे येते. मग पुन्हा पाणी आत घेतात, बोट मूळ पातळीवर वर येते, पुढचं दार उघडतं आणि ती चालू लागते. काढलेलं पाणी पंपानं कालव्यात परत टाकलं जातं. बोटीवर एक किलोही वजन चढवावं लागत नाही, तोल बिघडण्याचा प्रश्न नाही, भोकं बुडण्याची भीती नाही. युरोपात अशा जातीचं हे पहिलंच लॉक. किंमत मोठी आहे, पंप चालवायला वीज लागते, वेळ जातो, एका वेळी थोड्याच बोटी जातात. पण रस्ता आणि कालवा दोघांनाही आपापल्या जागी राहू देणारा दुसरा उपाय तिथे नव्हता.

शिडाच्या बोटींचा प्रश्न आणखी वेगळा. त्यांची डोलकाठी पंधरा-वीस मीटर उंच. टाक्या भरून तिच्यात काय फरक पडणार? अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात आरपार जाणाऱ्या ओकीचोबी जलमार्गावर पोर्ट मायाका इथे रेल्वेचा उचलता पूल आहे. तो पूर्ण उचलला तरी खाली 49 फूट, म्हणजे 14.9 मीटरच मिळतात. 16 मीटरची काठी असलेली बोट तिथे सरळ जाऊ शकत नाही. म्हणून बोटीच्या एका कडेला मोठी पिंपं ठेवून त्यांत पाणी भरतात. बोट त्या बाजूला कलते. पंचवीस अंश कलली की काठीचं टोक सुमारे साडेचौदा मीटरवर येतं, आणि बोट तशीच तिरपी, हळूहळू, पुलाखालून पार होते. बोट कलते तेव्हा तिचा पाण्याखालचा आकार बदलतो, पाण्याच्या वरच्या दिशेच्या रेट्याचा मध्य कललेल्या बाजूला सरकतो आणि बोटीला सरळ करू पाहतो. पिंपांचं वजन आणि हा रेटा जिथे तुल्यबळ होतात तिथे बोट स्थिर राहते. जड कण्याच्या शिडाच्या बोटी वाऱ्यात अशा कलण्यासाठीच बांधलेल्या असतात, म्हणून त्यांना हे मानवतं. सपाट तळाच्या बार्जवर कुणी असं करायला गेलं तर माल पाण्यात जाईल.

पाण्याचा रेटा दोन्ही बाजूंनी वापरावा लागल्याचं उदाहरण दुसऱ्या महायुद्धातलं आहे. अमेरिकेत मिशिगन सरोवराच्या काठी मॅनिटोवॉक इथल्या गोदीनं नौदलासाठी 28 पाणबुड्या बांधल्या. पहिली, पीटो, 1942 मध्ये पाण्यात उतरली. सरोवरातून समुद्र गाठायचा तर शिकागोचा कालवा, मग इलिनॉय आणि मिसिसिपी या नद्या. पाणबुडीला पृष्ठभागावर चालताना सुमारे साडेचार मीटर खोली लागते आणि नदीतली वाट होती पावणेतीन मीटरांची. म्हणून शिकागोच्या पुढे लॉकपोर्टपाशी तिला तरत्या गोदीत घेत. पोकळ भिंतींत पाणी भरून गोदी बुडवायची, पाणबुडी तिच्यात आणायची, पाणी उपसून गोदी वर घ्यायची. आता सगळा भार रुंद तराफ्यावर आला, म्हणून खोली कमी लागते. पण जी वर उचलली ती पुलाला लागणार. म्हणून पेरिस्कोपचा मनोरा आणि खांब काढून ठेवत आणि ते न्यू ऑर्लिन्सला पुन्हा बसवत. पाण्याखाली जाण्यासाठी बांधलेली नौका पुलाखालून जाताना मोकळी करावी लागली.

समुद्रावरच्या जहाजांची एकच गोष्ट सांगून पुढे जातो. ओएसिस ऑफ द सीज हे प्रवासी जहाज 2009 च्या नोव्हेंबरात फिनलंडहून निघून डेन्मार्कच्या ग्रेट बेल्ट पुलाखालून गेलं. पुलाखाली 65 मीटर, जहाज धुराड्यांसकट 72 मीटर. धुराडी आत ओढून घेतली आणि जहाज मुद्दाम वेगानं नेलं. उथळ पाण्यात वेगानं जाणाऱ्या जहाजाच्या तळाखालून पाणी जोरात मागे वाहतं, तिथला दाब घटतो आणि जहाज थोडं खाली बसतं. तेवढ्यानं सुमारे तीस सेंटीमीटर मिळाले. वर उरलेलं अंतर साठेक सेंटीमीटर होतं.

बोटीनं वाकायचं की पुलानं उठायचं, याचा निकाल बेल्जियमनं लावला आहे. अँटवर्प ते लिएज हा 129 किलोमीटरांचा आल्बर्ट कालवा 1930 च्या दशकात खोदला गेला. त्यावरचे एकूण 62 पूल 9.1 मीटरपर्यंत उंच करण्याचं काम तिथल्या सरकारनं हाती घेतलं, म्हणजे बार्जना चार थर सरळ नेता यावेत. एकेक पूल नव्यानं बांधायचा, दोन्हीकडचे रस्ते चढवायचे, मधल्या काळात वाहतूक वळवायची. पूर्वी पुलांच्या उंचीत वाचवलेल्या मीटरांची ही किंमत.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. गोव्यात मांडवी आणि जुवारी नद्यांतून खनिजाच्या बार्ज मुरगावला जातात. पावसाळ्यात आग्वादच्या वाळूच्या पट्ट्यामुळे मांडवीचं तोंड बंद झालं की त्या कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरतात. जाताना खनिजानं दबलेल्या, येताना रिकाम्या आणि उंच, वर भरती-ओहोटीचा फरक. 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यानं देशातले एकूण 111 जलमार्ग राष्ट्रीय ठरले. त्यांत मांडवी, जुवारी आणि कुंभारजुवे तिन्ही आहेत. या पाण्यांवर पुढची अनेक वर्षं नवे पूल होणार आहेत. त्यांची उंची नकाशावर लिहिण्याआधी अभियंत्यांनी भरतीच्या आणि पुराच्या वेळी त्या जागी उभं राहून पाहावं, आणि तिथून रोज रिकामी बार्ज परत नेणाऱ्या तांडेलाला किती जागा लागते हे त्याच्याकडूनच विचारून घ्यावं.